दोन किटल्या, एक नोंद: दूध संकलन अ‍ॅपमधल्या दुहेरी नोंदींचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी दूध संघ आणि त्याला दूध घालणाऱ्या गावोगावच्या प्राथमिक संस्था. ओळख पटू नये म्हणून संघाचं, तालुक्याचं आणि अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथे घेत नाही, आणि नोंदींतले आकडेही थोडे बदलले आहेत. दुहेरी नोंदींवरची पहिली दुरुस्ती फसून पुढच्या बिलात गोंधळ झाल्यावर संघाने मला बाहेरचा माणूस म्हणून आढाव्याला बोलावलं. त्याआधीचा भाग सर्व्हरच्या लॉगमधून, कोडच्या इतिहासातून आणि संस्थांच्या सचिवांच्या तोंडून ऐकून जुळवलेला आहे.

संस्थेतलं काम सकाळ-संध्याकाळ ठरलेलं. उत्पादक किटली घेऊन येतो, कोड नंबर सांगतो, दूध काट्यावर ओतलं जातं, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) येतो, दरपत्रकाप्रमाणे दर लागतो आणि चिठ्ठी हातात पडते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.० हा पाया धरून दरपत्रक बनतं आणि पॉइंटागणिक दर चढतो-उतरतो. दर दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्य आणि उचल कापून उरलेले पैसे खात्यावर जमा होतात. दहा दिवसांचं हे चक्र पुढे फार महत्त्वाचं ठरतं, कारण चूक होते कुठल्याही दिवशी, पण दिसते बिलाच्या दिवशी.

आधी संस्थेतल्या कॉम्प्युटरवर एक जुना प्रोग्रॅम होता आणि डेटा पेनड्राइव्हवर संघाकडे जायचा. त्याच्या जागी अँड्रॉइड अ‍ॅप आलं. काटा आणि फॅट मशीन फोनला जोडलेलं, नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, आणि रेंज मिळेल तशी संघाच्या सर्व्हरवर. रचना मुळात शहाणपणाची होती. रेंज नसली तरी रांग थांबत नव्हती.

अडचण

तक्रार पहिल्यांदा उत्पादकांकडून आली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्याच्या खात्यावर साडेचार लिटर जास्त पडले तो कशाला ओरडेल? तक्रार आली संघाच्या हिशेब विभागातून. संस्थेने मोजलेलं दूध आणि संघाच्या डेअरीवर उतरलेलं दूध यांत थोडी घट नेहमीच असते: किटलीला चिकटलेलं, सॅम्पलला गेलेलं, सांडलेलं. पण काही संस्थांची घट एकाएकी विचित्र वाढली होती. सचिवाच्या फोनवरची सत्राची बेरीज डेअरीच्या मापाशी जुळत होती, सर्व्हरवरची बेरीज मात्र जास्त होती.

एका संस्थेच्या संध्याकाळच्या सत्रातली ही जोडी बघा. कोड ११२, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, सर्व्हरवर वेळ ६:४२:१०. तीच नोंद, तेच आकडे, वेळ ६:४२:५०. फोनमध्ये मात्र एकच. अशा जोड्या काढून त्यांच्यातलं अंतर मांडलं, तर बहुतेक ठिकाणी ते ४० सेकंदांच्या आसपास. क्वचित तिसरी प्रत असायची, ती दुसरीनंतर साधारण ७० सेकंदांनी.

हे आकडेच कारण सांगून गेले. अ‍ॅप सर्व्हरशी बोलायला ओकेएचटीटीपी ही लायब्ररी वापरत होतं. उत्तर येण्याची वाट ती आपणहून १० सेकंद बघते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की काम फसलं असं धरून वर्कमॅनेजर, म्हणजे अँड्रॉइडवर मागची कामं सांभाळणारी लायब्ररी, ते पुन्हा रांगेत लावतो. त्याची ठरलेली पहिली विश्रांती ३० सेकंद, दुसरी ६०. दहा अधिक तीस चाळीस, दहा अधिक साठ सत्तर. या वेळा कुणी बदललेल्याच नव्हत्या.

म्हणजे घडत होतं ते असं. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती लिहून घेतली, ‘मिळाली’ हे उत्तर परत निघालं आणि टॉवरच्या कुरकुरीत वाटेतच गळालं. फोनच्या मते नोंद पोहोचलीच नाही. त्याने पुन्हा पाठवली. सर्व्हर प्रत्येक येणाऱ्या नोंदीला स्वतःचा पुढचा क्रमांक देत होता, त्यामुळे त्याच्या मते ही नवीन नोंद.

यात नवल काहीच नाही. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. १९७५ साली तो पहिल्यांदा छापून आला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांच्या लिखाणामुळे याच नावाने रूढ झाला. निरोप हरवू शकेल अशा वाटेवर दोन्ही बाजूंना एकाच वेळी खात्री होणं अशक्य, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून ‘नेमकं एकदाच पोहोचेल’ असं वचन नेटवर्ककडून मागता येत नाही. ‘निदान एकदा पोहोचेल’ एवढंच मागायचं, आणि दुसऱ्यांदा आलं तर काही बिघडणार नाही अशी सोय आपण करायची.

मग चाचणीत हे सापडलं का नाही? चाचणी झाली होती, मनापासून झाली होती. पण ऑफिसात ‘रेंज नाही’ म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. त्यात विनंतीही जात नाही आणि उत्तरही येत नाही. गावातली रेंज अशी सरळ नसते. विनंती जाते आणि उत्तर येत नाही, ही मधली अवस्था कुणी तपासलीच नव्हती.

पहिली दुरुस्ती

बिल तोंडावर आलं होतं. अ‍ॅप बदलायचं तर प्ले स्टोअर, मग गावोगावचे फोन. त्याला वेळ लागणार. सर्व्हर मात्र कंपनीच्या हातात. म्हणून नियम सर्व्हरवर घातला गेला: तीच संस्था, तीच तारीख, तेच सत्र, तोच कोड, तोच दूधप्रकार, तेच लिटर, तोच फॅट, तोच एसएनएफ असेल तर दुसरी नोंद टाकून द्यायची आणि फोनला ‘मिळाली’ म्हणायचं. एवढे आकडे योगायोगाने जुळतील कसे, हा त्यामागचा विचार. कागदावर तो पटण्यासारखाही आहे.

दुहेरी नोंदी थांबल्या आणि बिल निघालं. पुढच्या बिलाला एका संस्थेत बाचाबाची झाली. आठ-दहा म्हशींचा गोठा असलेल्या घरातल्या मावशी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच घेऊन आल्या.

“सचिव, रोज दोन किटल्या घालतोय आमी. बिलात एकच कशी?”

“मावशी, मी दोन्ही मापल्यात. फोनवर दोन्ही दिसतायत, ह्या बघा.”

“फोन बघून काय करू? पैसं एकीचंच आल्यात की!”

सचिवाच्या फोनवर दोन, चिठ्ठ्या दोन, सर्व्हरवर एक.

संकलनाच्या खोलीत तासभर उभं राहिलं असतं, तरी हे कळलं असतं. जास्त दूध असलेलं घर एकाच धारेचं दूध दोन किटल्यांत भरून आणतं. किटल्या सारख्याच मापाच्या आणि गळ्यापर्यंत भरलेल्या, म्हणून दोन्ही वेळा काट्यावर १०.० लिटर. दूध एकच असल्याने सचिव सॅम्पल एकदाच लावतो आणि तोच फॅट दुसऱ्या नोंदीला घालतो. मागे रांग ताटकळत असते. त्यात फॅट मशीन बंद पडलं तर मागच्या सत्राचा फॅट हाताने भरण्याची पद्धत. लिटरही काही संस्थांत अर्ध्याच्या पटीत धरले जातात. तंतोतंत सारख्या दोन खऱ्या नोंदी हा इथला रोजचा व्यवहार होता.

माझ्या मते पहिल्या दुरुस्तीतला सर्वांत महागात पडलेला भाग वेगळाच. नियम चुकीचा होता, ते एकवेळ समजू शकतं. पण नोंद गुपचूप टाकून देऊन फोनला ‘मिळाली’ असं सांगितलं गेलं. संशयित नोंद बाजूला ठेवली असती, तर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी नजरेला पडली असती. आधीच्या चुकीत संघाचे पैसे जात होते, आता उत्पादकाचे जाऊ लागले. आणि चिठ्ठी हातात असून बिलात दूध नाही, याची बोलवा गावात व्हायला एक सत्र पुरतं.

कोणते पर्याय समोर होते

आढाव्याच्या बैठकीत चार मार्ग आले. प्रत्येकामागे कुणीतरी ठामपणे उभं होतं.

पहिला, नियम तोच ठेवून वेळेची मर्यादा घालायची. दोन मिनिटांच्या आत आलेली सारखी नोंद तेवढी नकली समजायची. यावर फार वेळ गेला नाही. मावशींच्या दोन किटल्या मिनिटाच्या आत मापल्या जातात, आणि उत्तर हुकलेली नोंद फोन बंद पडून चालू झाल्यावर तासांनीही पुन्हा जाऊ शकते. खऱ्या जोड्या जवळ आणि खोट्या जोड्या लांब असू शकतात. मग कुठेही रेघ मारली तरी दोन्हीकडून मारच.

दुसरा, चिठ्ठीवरचा अनुक्रमांक. तो आधीच छापला जात होता आणि सचिवाला तो समजत होता. ‘३७ नंबरची चिठ्ठी’ म्हटलं की भांडण निम्मं मिटतं. पण मोठ्या संस्थांत दोन काटे, दोन फोन, आणि दोन्हीकडे अनुक्रमांक १ पासून. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की मोजणी परत पहिल्यापासून.

तिसरा, नोंद एकेक न पाठवता सत्र बंद झाल्यावर अख्खं सत्र एकदम पाठवायचं आणि सर्व्हरने आधीचं पुसून नवं ठेवायचं. कितीही वेळा पाठवा, निकाल एकच. हा मला मनापासून आवडला होता. अडला तो दोन गोष्टींवर: टँकर निघण्याआधी संघाला चालू आकडे हवे असतात, आणि दोन फोनच्या संस्थेत एकाचं सत्र दुसऱ्याचं सत्र पुसून टाकेल.

चौथा, फोननेच प्रत्येक नोंदीला जगात दुसरीकडे नसेल अशी ओळख द्यायची, म्हणजे यूयूआयडी. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन फोनवर एकच ओळख निघण्याची भीती सोडून द्यावी इतकी कमी. पैशांचे व्यवहार करणाऱ्या सेवांत ही रीत जुनीच आहे. अडचण एवढीच की यासाठी प्रत्येक गावातला फोन अपडेट व्हायला हवा.

ठरलं ते चौथं, आणि जोडीला दुसऱ्याचा अर्धा भाग. यंत्रासाठी यूयूआयडी, माणसांसाठी फोनचं अक्षर आणि अनुक्रमांक, जसं ‘ब-३७’, तोच चिठ्ठीवर आणि तोच बिलाच्या तपशिलात.

काय केलं

ओळख द्यायची कधी, यावर बराच खल झाला. कोडच्या पहिल्या मसुद्यात ती विनंती पाठवणाऱ्या भागात तयार होत होती, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी ओळख. सगळी मेहनत वाया. कोड रिव्ह्यूमध्ये ते सापडलं आणि ओळख ‘जतन करा’ या बटणावर आली. मग एका सचिवाने घाईत बटण दोनदा दाबून दाखवलं: एकच माप, दोन ओळखी. शेवटी ती आणखी मागे, काट्यावरचं वजन स्वीकारून फॉर्म उघडतो त्या क्षणावर नेली. फॉर्म अर्धवट असताना फोन आला आणि अँड्रॉइडने अ‍ॅप मेमरीतून काढून टाकलं, तरी तीच ओळख टिकावी म्हणून ती फॉर्मच्या जतन केलेल्या अवस्थेत ठेवली.

सर्व्हरवर ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असं लिहिलं नाही, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असंच दिसतं. यूयूआयडीच्या कॉलमवर युनिक इंडेक्स (तीच ओळख दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम) घातला आणि निवाडा डेटाबेसवर सोपवला. ओळख तीच आणि मजकूरही तोच असेल तर आधीचंच उत्तर परत. ओळख तीच पण मजकूर वेगळा असेल तर सर्व्हरकडून ४०९ (विसंगती) ही चूक, म्हणजे कुठेतरी बग आहे. नोंद बदलणं बंदच केलं. फॅट चुकला तर मूळ नोंदीचा हवाला देणारी वेगळी दुरुस्ती-नोंद करायची.

फोनमधल्या जुन्या डेटाबेसला कॉलम जोडण्यातही एक खाच होती. एसक्यूलाइटमध्ये असलेल्या टेबलला थेट युनिक कॉलम जोडता येत नाही. आधी साधा कॉलम, मग भरणा, मग इंडेक्स. ते निभावलं. खरा पेच होता तो फोनमध्ये ‘न पाठवलेल्या’ म्हणून पडून असलेल्या नोंदींचा. त्यातल्या काही सर्व्हरवर आधीच पोहोचलेल्या, फक्त उत्तर हुकलेलं. त्यांना आता नवी ओळख दिली तर त्या सर्व्हरला अनोळखीच वाटणार. दुहेरी नोंदी थांबवणारं अपडेटच दुहेरी नोंदींची शेवटची खेप पाठवणार होतं.

यावर तांत्रिक उत्तर नाही, हे मान्य करायला टीमला जड गेलं. फोनला माहीत नाही, सर्व्हरला माहीत नाही. माहीत असलं तर सचिवाला. म्हणून ज्या नोंदीवर आधी पाठवण्याचा प्रयत्न झाला आहे तिच्यावर खूण केली. अशी नोंद सर्व्हरवरच्या एखाद्या नोंदीशी मिळतीजुळती निघाली, तर ती ‘तपासणी’ यादीत जायची. सचिवाच्या पडद्यावर दोन्ही शेजारी दिसायच्या आणि खाली दोन बटणं: ‘एकच माप’, ‘दोन मापं’.

गावोगावी पोहोचवताना

प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडता येते आणि गडबड दिसली तर थांबवताही येते. पण ज्यांच्याकडे ती पोहोचली त्यांच्याकडून परत घेता येत नाही. जुन्याकडे वळायचं असेल तर जुनाच कोड वाढीव क्रमांकाने पुन्हा सोडावा लागतो, आणि तोवर फोनमधला डेटाबेस बदललेला असतो. त्यामुळे पहिली खेप मोजक्या, एकच काटा असलेल्या संस्थांपुरती, तीही बिल निघाल्यावर लगेच, म्हणजे चुकलं तर हातात पूर्ण चक्र असावं.

अपडेट सक्तीचं करावं असा हिशेब विभागाचा आग्रह होता. तो मोडून काढला ते बरं झालं. पहाटे सहाला पंधरा माणसं किटल्या घेऊन उभी आहेत आणि पडद्यावर ‘कृपया अपडेट करा’ आलं, तर त्या सचिवाने अ‍ॅपला नव्हे, आम्हाला शिव्या घातल्या असत्या. सूचना सत्र बंद केल्यावरच दाखवायची असं ठरलं. परिणामी कित्येक बिलं जुन्या-नव्या आवृत्त्या सोबत चालल्या. सर्व्हरने ओळखीसह आलेल्या नोंदींना नवा नियम लावला. ओळखीविना आलेल्या सगळ्या घेतल्या, मिळत्याजुळत्या तपासणी यादीत टाकल्या, आणि एकही टाकून दिली नाही.

अनपेक्षित अडथळा आला तो व्हॉट्सअ‍ॅपवरून. मोबाइल डेटा खर्च होऊ नये म्हणून काही सचिवांनी कंपनीच्या माणसाने पाठवलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट बसवायची प्रत) टाकलेली होती. ती कंपनीच्या चावीने सही केलेली, आणि प्ले स्टोअरवरची गूगलकडे ठेवलेल्या वेगळ्या चावीने. सही जुळली नाही की अँड्रॉइड वर अपडेट बसू देत नाही. जुनं काढूनच नवं टाकावं लागतं. आणि जुनं काढलं की न पाठवलेल्या नोंदी गेल्या. या फोनसाठी फोनवर सूचना देण्यात अर्थ नव्हता. माणूस गावात गेला, आधी सगळ्या नोंदी पोहोचल्याची खात्री केली, फोनची आणि सर्व्हरची बेरीज सचिवासमोर जुळवली, मगच हात लावला.

निष्पत्ती

ओळखीसह येणाऱ्या नोंदी पुन्हा दुहेरी झाल्या नाहीत. उत्तर अजूनही हुकतं, फोन अजूनही पुन्हा पाठवतो, फक्त सर्व्हर आता त्याला आधीचंच उत्तर देतो.

बुडालेल्या दुधाचे पैसे पुढच्या बिलात फरक म्हणून दिले. सर्व्हरने टाकून दिलेल्या नोंदींच्या मूळ विनंत्या लॉगमध्ये काही काळ राहिल्या होत्या, त्यातून बरंच सावरलं. लॉग पुसले गेलेल्या दिवसांसाठी चिठ्ठ्या मागवल्या. चिठ्ठीही नव्हती तिथे सचिवाची कच्ची वही कामी आली. अ‍ॅप आल्यावर वही बंद करा, असं संघाने सांगितलं होतं. बहुतेक सचिवांनी ते ऐकलं नव्हतं, आणि पुढेही ऐकू नये असं मला वाटतं.

तपासणी यादीने नवी डोकेदुखी आणली. सचिव ती उघडतच नव्हते. मग यादी रिकामी झाल्याशिवाय बिल बंद होणार नाही असा नियम आला, आणि बिलाच्या आदल्या रात्री कंपनीचे फोन खणखणू लागले. यादीतल्या नोंदींचा आकडा सत्र बंद करतानाच दाखवायला लागल्यावर हे बरंच निवळलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या रात्री बिल तोंडावर असताना सर्व्हरवर काहीतरी करणं भागच होतं, त्याला माझा आक्षेप नाही. पण नोंद वगळण्याऐवजी बिल रोखता आलं असतं. सगळ्या संस्थांचं नाही, ज्यांची बेरीज फोनशी जुळत नाही तेवढ्यांचंच. फोनवरची बेरीज बरोबर होती आणि ती तपासायला एक फोन पुरला असता. ‘सर्व्हर म्हणेल तेच खरं’ हे गृहीत इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की फोनला विचारावं हे कुणाला सुचलं नाही.

चाचणीत उत्तर गिळणारा सर्व्हर पहिल्या दिवसापासून हवा. ओकेएचटीटीपीसोबत मॉकवेबसर्व्हर हे चाचणीचं साधन मिळतंच. विनंती वाचून घेऊन उत्तर न देता जोडणी तोडायला त्याला सांगता येतं. ही चाचणी आता प्रत्येक बिल्डला, म्हणजे कोडची नवी प्रत बांधताना दर वेळी, चालते: नोंद पाठवा, उत्तर गिळा, पुन्हा पाठवू द्या, सर्व्हरवर एकच ओळ आहे ना ते बघा. आणि तिच्या शेजारी दुसरी: तेच आकडे घालून दोन वेगळी मापं पाठवा आणि दोन ओळी आहेत ना ते बघा. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी ही दुसरी चाचणी लिहायची तर आधी कुणीतरी सचिवाला विचारायला हवं होतं, की एकाच कोडला एकाच सत्रात तेच लिटर, तोच फॅट दोनदा कधी येतो. तो हसून म्हणाला असता, रोज.

दोन प्रश्न अजून उघडे आहेत. दोन फोनच्या संस्थेत रेंज नसताना एका फोनला दुसऱ्याची बेरीज कळत नाही, आणि टँकरच्या माणसाला सांगायला सचिव अजूनही दोन्ही पडदे बघून तोंडी मिळवणी करतो. दुसरा, फोन हळू चालतो म्हणून कुणी सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा डेटा साफ केला, तर न पाठवलेल्या नोंदी जातात. त्यावर सत्र बंद होताना डाउनलोड्स फोल्डरमध्ये एक फाइल काढून ठेवायचं ठरलं आहे. तीत उत्पादकांच्या बिलाचे आकडे असतात आणि संस्थेतला फोन चार जण हाताळतात, म्हणून ती कुलूपबंद कशी ठेवायची आणि किल्ली कुणाकडे द्यायची, यावर संघात चर्चा चालू आहे.